कानबाई

मुलांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव कानबाई ठेवलं. त्या पाळणाघरात खाऊ देणाऱ्या होत्या दूधबाई, दुपारी झोपवणाऱ्या गादीबाई, आणि “चला, कान उघडा” म्हणणारी मी कानबाई. मुलांचा कारभार सरळ असतो. माझे दोन्ही कान कामातून गेलेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर मुळीच सांगणार नव्हते.

तसा त्या नावावर माझा हक्क होता. उभं आयुष्य मी वाद्यवृंदात व्हायोला वाजवला. व्हायोला म्हणजे नात्याने व्हायोलिनचा थोरला भाऊ आणि नशिबाने घरातली मधली सून. असतो तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, नसला की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण काय चुकलं ते कुणाला सांगता येत नाही. आम्हा व्हायोलावाल्यांच्या खुर्च्या ट्रम्पेटवाल्यांच्या बरोब्बर पुढे. त्यांनी मागून तोफा डागायच्या आणि आम्ही पुढे बसून कानठळ्या सोसायच्या, असा संसार झाला. शेवटचा सूर विरायला लागला की माझ्या भुवया आपोआप वर जातात, ही तिथलीच खोड. वाद्यवृंद चालवणारे गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणायचे, “बाई, व्हायोला गजाने वाजवतात, भुवयांनी नाही.” मी काही सुधारले नाही.

कान एकदम गेले नाहीत. एकदम गेले असते तर बोंबाबोंब तरी झाली असती. आधी झाडावरची पाखरं गप्प झाली. मला वाटलं, यंदा आलीच नसतील. मग दाराची घंटा गेली. मग लेकीच्या बोलण्यातली व्यंजनं गेली आणि नुसते स्वर उरले, त्यामुळे ती सदानकदा लांबून हाका मारतेय असं वाटायला लागलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे सूर आधी जातात, खालचे मागून, आणि उरलंय तेही टिकायचं नाही. हे त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही.

त्यांनी कानात घालायचं मशीन दिलं. लेक त्याला ‘कानातलं’ म्हणते. “आई, कानातलं घातलंस का?” असं तिने चारचौघांत विचारलं की लोकांना वाटतं, काय हौशी म्हातारी आहे! कानातलं घातलं की माणसांचं बोलणं बरंचसं कळायचं, हे खरं. पण त्यातून व्हायोलिन ऐकणं म्हणजे पत्र्यावर खिळा ओढणं, आणि ऑपेराच्या गायिकेची तर पार मांजर व्हायची. म्हणून संगीत लावायची वेळ आली की मी ते काढून पर्समध्ये टाकत असे. मग उरायची ती फक्त खालची घुमघुम, भिंतीपलीकडे कुणीतरी सामान हलवतंय एवढीच.

डॉक्टरांकडून आले त्या दिवशी मी व्हायोला पेटीत ठेवला, पेटी माळ्यावर चढवली आणि पोटभर रडले. रडून झाल्यावर ठरवलं की माझ्या कानांतून जे चाललंय ते कुणाच्या तरी कानांत घालून ठेवायचं. घर सोडताना माणूस कुंड्या शेजाऱ्यांकडे देऊन जातो ना, तसं. मोठ्यांचे कान आधीच भरलेले असतात, त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. लहान मुलं हवीत, अजून कुठलंच संगीत चांगलं आणि कुठलं कंटाळवाणं हे ज्यांना कुणी शिकवलेलं नाही अशी. माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिचं पाळणाघर आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. एक म्हातारी आपणहून येऊन मुलांना गप्प बसवते म्हटल्यावर तिथल्या मोठ्या बाई कशाला नाही म्हणतील?

नातीला आम्ही भुंगा म्हणतो. मुलगी असून भुंगा, कारण ती सतत गुणगुणत असते. मला ते ऐकू येत नाही, पण ती मांडीवर बसली की तिच्या पाठीवर हात ठेवायचा, की तळव्याला कळतं. मी लेकीला सांगायचे, “बघ, कालची चेलोची धून अजून तिच्या अंगात आहे.” लेक म्हणायची, “आई, ती लिफ्टचा आवाज काढतेय.” लेकीला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मी तिकडे काणाडोळा करत असे.

खोली साधीच होती. भिंतीला टेकून बुटांची रांग, ओल्या कोटांचा आणि रंगांचा वास, खिडकीबाहेर कचऱ्याचे डबे. बाहुल्यांच्या कपाटावर मी माझा रेकॉर्ड प्लेअर मांडला आणि दोन बुटक्या स्टुलांवर दोन स्पीकर. मुलं चटईवर गोल करून बसत. नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकले. डोळे बंद, तोंड बंद, कान उघडे. आणि शेवटचा आवाज पूर्ण विरला, आता काही म्हणजे काही उरलं नाही अशी खात्री झाली, की हात वर. घाई करेल तो हरला.

वाद्यवृंदातल्या कुणालाही विचारा, संगीत संपतं तिथेच खरं ऐकणं असतं. गज उचलल्यानंतरही सूर हवेत काही वेळ रेंगाळतो. तेवढा धीर मुलांना आला तर बाकीचं आपोआप येतं, असा माझा हिशेब. पुढे पुढे त्या हातांचा मला दुसराही उपयोग व्हायला लागला. सुई रेकॉर्डवर कुठवर आली ते मला दिसायचं. दोन तुकड्यांमधली गुळगुळीत काळी पट्टी जवळ आली की संपत आलं हे कळायचं. पण नेमकं कधी संपलं, शेवटचा सूर कधी विरला, हे माझ्या हातात राहिलं नव्हतं. ते मुलांच्या हातात होतं. मी एक तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवून त्यांच्याकडे बघत राहायचे. सगळे हात एकाच वेळी वर जायचे. एकही मागेपुढे नाही. मी सुई उचलायचे, आणि मनात म्हणायचे, काय कान आहेत एकेकाचे!

मग मी कानातलं घालायचे आणि विचारायचे, काय ऐकलं?

इथे मला जीव परत मिळायचा. एका मुलाचं नाक बारमाही वाहायचं, म्हणून मी त्याला नळ म्हणत असे. चेलोचा जाड, खालचा सूर ऐकून नळ म्हणाला, “एक मोठा माणूस कपाट ढकलतोय. हळूहळू, कारण बाळ झोपलंय.” मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा होता प्रश्नोबा, त्याच्या प्रत्येक वाक्याला शेवटी शेपूट. जॅझ लावला तेव्हा त्याने विचारलं, “ते सगळे भांडतायत, पण हसत हसत का भांडतायत?” वाद्यवृंदात चाळीस वर्षं काढलेल्या माणसांना जॅझबद्दल एवढं सांगता आलं नसतं. आणि एकदा ऑपेरातलं एक गाणं लावलं होतं, एकट्या बाईचं. सगळ्यांचं बोलून झालं, आणि भुंगा म्हणाली, “ती बाई रडत नाहीये. ती जिन्यातून कुणाला तरी हाक मारतेय. पण ते वर बघतच नाहीयेत.”

ते वाक्य घेऊन मी घरी आले. पलंगावर पडून डोळे मिटले. ते गाणं मी कितीतरी वेळा वाजवलेलं, म्हणजे त्या बाईच्या पायाशी बसून तिच्यामागचे चार सूर घासलेले. पण तो जिना मला कधी दिसला नव्हता. आता गाणं माझ्या डोक्यात सुरू झालं आणि प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू आला, अगदी ‘स’ आणि ‘श’सकट. माझे कान गेले होते, आणि ते मागच्या गल्लीत चटईवर बसले होते. मला एवढं पुरेसं होतं.

दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, आणि तेवढ्यात पालकांनी विचारणा केली. हल्ली पालक दिसेल तेच मोजतात. मातीचा हत्ती दिसतो, कागदाची बोट दिसते. मूल ऐकून आलं, तर घरी काय दाखवणार? मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाई, काही आई-वडलांचं म्हणणं आहे की या तासाला संगीताऐवजी अक्षरं घ्यावीत. आपण त्यांना एकदा बोलावू. त्यांना काहीतरी दिसायला हवं.”

“ऐकणं दिसणार कसं, मोठ्या बाई?”

“मुलं दिसतील ना. त्यांना आवडलं तर तास पुढे चालू. नाहीतर माझा नाइलाज आहे.”

मी म्हटलं, या. खुशाल या. हात वर जाताना बघा आणि मग अक्षरांचं बोला.

आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी सुतार बोलावला. मुलं स्पीकरच्या जाळीत बोटं घालतात, पाहुण्यांसमोर काही व्हायला नको, म्हणून दोन्ही स्पीकर भिंतीवर उंच फळ्यांवर चढवायचे होते. सुतार शिडीवर, तोंडात चार-पाच स्क्रू, हातात ड्रिल. कानातलं घालून ड्रिलच्या आवाजात उभं राहवेना, म्हणून मी ते काढून पर्समध्ये टाकलं. काम संपवून तो खाली उतरला, प्लेअरच्या मागे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. स्क्रू अजून ओठांतच होते, त्यामुळे ओठांवरूनही काही कळेना. बहिऱ्या माणसाची एक युक्ती असते. समोरचा हसत असेल तर आपण हसायचं, गंभीर असेल तर मान हलवायची. मी मान हलवली आणि म्हटलं, “हो हो, छान केलंत.” त्याने पुन्हा बोट दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, “छान, छान.” तो खांदे उडवून गेला.

दुसऱ्या दिवशी भिंतीलगत मोठ्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पालक कोट मांडीवर घेऊन बसले. लेकीने कामावरून थोडा वेळ मागून घेतला होता; ती उशिरा आली आणि दाराशीच उभी राहिली. मी सगळ्यांना नियम सांगितले. मुलं ताठ बसली. कानातलं काढून पर्समध्ये ठेवताना मला भुंगाने पाहिलं आणि मोठ्याने काहीतरी म्हणाली. पालक हसले. नंतर कळलं, ती म्हणाली होती, “आजी, कानातलं राहू दे ना.” पालकांना वाटलं, नातीला आजीचे दागिने आवडतात. मी तिला बोटाने गप्प केलं. तासाला मी आजी नाही, कानबाई.

मी ऑपेरातलं तेच गाणं निवडलं होतं, जिन्यातल्या बाईचं. प्लेअरचा लाल दिवा लागला, रेकॉर्ड फिरायला लागली, मी सुई ठेवली. हात सवयीने स्पीकरकडे गेला आणि आठवलं, ते आता वर आहेत. माझा तळवा हवेतच राहिला. म्हटलं, असू दे, गाणं मला पाठ आहे. मुलांचे डोळे मिटले होते आणि चेहरे शांत होते. अशी बसली होती की मला भरून आलं. मी डोक्यातल्या गाण्याबरोबर हलके डोलायला लागले. सुरुवातीला तंतुवाद्यं, मग ती बाई येते, मग ओबो, म्हणजे तिकडची सनई, तिच्यामागून जिना चढते. मी पालकांना हळूच हाताने दाखवलंही, आता ऐका हं, आता ती वर जाते. त्यांच्यातले एकदोघं एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, मुलं अशी बसू शकतात याचं त्यांना नवल वाटतंय. एका बापाने हातावर हात चोळला. मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी होती, पण ती त्यांच्या कपाळावर कायमच असते.

सुई काळ्या पट्टीपाशी आली. मी श्वास धरला. सगळे हात वर गेले, एकाच वेळी, एकही मागेपुढे नाही. मी सुई उचलली आणि पालकांकडे वळून म्हटलं, “बघितलंत?”

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, भारावलेत. घाईत कानातलं घालायचं राहिलं, पण मुलं जवळच होती, त्यांचे ओठ मला वाचता येत. “काय ऐकलं?” नळ उठून उभा राहिला: मोठा माणूस, कपाट, बाळ झोपलंय. त्याचं कपाट ऑपेरात कसं आलं, असं क्षणभर वाटलं, पण मी हसले. प्रश्नोबाने काहीतरी लांबलचक विचारलं, त्यात पक्षी होता. सतत जांभया देणाऱ्या एका मुलीने समुद्र सांगितला. मग तो हात चोळणारा बाप उठला आणि त्याने मला काहीतरी विचारलं. चेहरा हसरा होता. मीही हसून म्हटलं, “हो हो, नक्कीच!”

खोलीतले सगळे चेहरे एकदम बदलले. दोघीतिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. एकीने आपल्या मुलाला चटईवरून उचलून घेतलं. लेक दारातून चालत आली. तिने माझी पर्स उघडली, कानातलं काढलं, माझ्या हातात ठेवलं, आणि माझ्यासमोर उभी राहून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “आई, काही वाजलंच नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आवाजच नव्हता. आम्हाला सगळ्यांना वाटलं, तू आधी मुद्दाम शांत बसवतेस. त्यांनी विचारलं, बाई, संगीत कधी सुरू करणार? आणि तू नक्कीच म्हणालीस.”

प्लेअरच्या मागे दोन तारा सुट्या लोंबत होत्या. सुतार तेच सांगत होता, तारा काढून ठेवल्यात, वाजवायच्या आधी जोडा. आणि मी त्याला छान छान म्हटलं होतं.

पालक गेल्यावर मोठ्या बाईंनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. चिडल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावले असते. भांडायला मी कमी नाही. पण त्या हळू बोलल्या. “बाई, उद्या चटईवर एखाद्याच्या घशात काही अडकलं, कुणी मागे पडलं, रडलं, तर तुम्हाला कळणार कसं? मी पालकांना काय तोंड दाखवू?”  बाई बरोबर बोलत होत्या, आणि तेच मला सोसवेना. दूधबाईंनी मला एक कप गरम दूध आणून दिलं, मुलांच्या कपात, कानावर अस्वल असलेल्या. ते मी प्यायले, कारण कपात तोंड घातलं की कुणाकडे बघावं लागत नाही.

लेकीने प्लेअर उचलला, मी रेकॉर्ड उचलल्या.   गल्लीतून येताना भुंगा मधोमध चालत होती, दोघींचा एकेक हात धरायला बघत होती, पण हात कुणाचेच मोकळे नव्हते.

लाज तर इतकी वाटत होती की अंगावरचे कपडे टोचत होते. पण चालता चालता मी स्वतःची समजूत घालायला लागले. झालं ते झालं. एक दिवस फजिती झाली. तास बंद पडला. पण त्या आधीचं? इतके महिने तारा जोडलेल्या होत्या ना? चेलो वाजला होता, सॅक्सोफोन वाजला होता, ती बाई खरंच गायली होती, आणि या मुलांनी शेवटचा सूर विरेपर्यंत डोळे मिटून ऐकलं होतं. मला नाही ऐकू आलं, त्यांना आलं. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. कपाट ढकलणारा माणूस आता नळाच्या डोक्यात आहे, तो मोठा होईल तरी राहील. एवढं सांभाळलं तरी मला पुष्कळ होतं, खरंच पुष्कळ होतं. जिना चढेपर्यंत मी जवळपास सावरले होते.

संध्याकाळी लेक न्हाणीघरात कपडे वाळत घालत होती. मी आणि भुंगा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. ती बिस्किट दुधात बुडवून नेमकं मोडायच्या आधी बाहेर काढत होती. मी कानातलं घातलेलं होतं. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही.

“भुंग्या, आज तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही ना?”

“नाही.”

“मग नळ कपाट कसं म्हणाला?”

“तो नेहमीच कपाट म्हणतो. तुला आवडतं म्हणून. कपाट म्हटलं की तू हसतेस.”

 बिस्किट मोडून कपात पडलं आणि ती चमच्याने ते शोधायला लागली.

“आणि तुझी ती बाई? जिन्यात हाक मारणारी? ती तर तुला गाण्यात दिसली होती ना?”

“ती गाण्यातली नाही काही,” भुंगा म्हणाली. “ती आपल्या जिन्यातली. आई तुला हाक मारत होती, आजी, म्हणजे आजी नाही, ‘आई, आई’ करत. तू खाली दाराशी होतीस. तू वर बघतच नव्हतीस.”

मी टेबलावरचा तिचा कप इकडून तिकडे सरकवत होते.   

“बरं,” मी म्हटलं, “पण गाणं कधी संपलं ते तर तुम्हाला बरोबर कळायचं. आधी, प्रत्येक तासाला. आज आवाज नव्हता, आज ठीक आहे. पण दर वेळी सगळे हात एकदम वर जायचे. इतकं बरोबर कसं कळायचं? नीट ऐकल्याशिवाय कसं कळेल?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी गंमत करतेय की काय, असं तिला वाटलं असावं.

“तुझ्याकडे बघून,” ती म्हणाली.

“डोळे तर बंद असतात.”

“थोडे उघडे असतात. सगळ्यांचेच. तू भुवया वर करतेस ना, मग आम्ही हात वर करतो. नळाला पहिल्यांदा कळलं, त्याने सगळ्यांना सांगितलं.” मग तिला वाटलं असावं की मला वाईट वाटलं, कारण तिने समजावणीच्या सुरात पुढे म्हटलं, “कारण तुला सगळं ऐकू येतं ना. तू कानबाई आहेस.”

न्हाणीघरात लेकीने बादली ठेवली असावी. जमिनीतून टेबलाला जरासं कळलं. माझ्या डोळ्यांसमोर ती खोली उभी राहिली. त्या कपाटावर रेकॉर्ड फिरतेय, वाद्यवृंदातली शंभर माणसं जीव तोडून वाजवताहेत, ती बाई गातेय, आणि खोलीत कुणीही ऐकत नाहीये. मी मुलांच्या हातांकडे बघतेय, आणि मुलं माझ्या तोंडाकडे. इतके महिने, आठवड्यातून दोनदा.

“करून दाखवू?” भुंगाने विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता तिने कप बाजूला सारला, पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. आता मला दिसलं. पापण्यांच्या खाली एक बारीक, ओलसर रेघ उघडी होती, आणि ती माझ्यावर लागलेली होती. चेहरा शांत होता. त्या चेहऱ्यावरच मी जगत होते.

मी भुवया हलू दिल्या नाहीत. का ते विचारू नका. मला वाटलं, त्या हलल्या नाहीत तोवर काही संपणार नाही. कदाचित ती कंटाळेल, उठेल, म्हणेल काहीच वाजत नाहीये आजी, आणि मग निदान एवढं तरी खरं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असेल. पण ती हलली नाही. मीच तिला धीर शिकवला होता. दूध निवलं, त्यावर साय धरली. तिच्या गुडघ्यावरचं एक बोट जरासं थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं. ती बिचारी माझी वाट बघत होती.

मग मी भुवया वर केल्या.

तिचा हात लगेच वर गेला, अगदी वेळेवर.